सासूबाई सर्वेवालीला म्हणाल्या, "माह्याशी कोनी बोलतच नाही"

पत्र (थोडं कमी करून देतेय, नाव-गाव काढलंय):

"ताई, नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो. घरी मी, मिस्टर, दोन पोरं आणि सासूबाई, वय ७४. सासरे वारले त्याला सहा वर्ष झाले. ऐन वेचणीच्या दिवसात म्हाताऱ्या माणसांचा सर्वे करणारे दोघं आले, एक मुलगी अन एक मुलगा. दीड-दोन तास सासूबाईंना प्रश्न विचारले. दहा शब्द वाचून दाखवले अन परत सांगायला लावले, हाताची पकड मोजली, चालायला लावलं, बोट टोचून रक्ताचे थेंब कार्डावर घेतले. मी आत भाकरी टाकत होते, सगळं ऐकू येत होतं. एकटं वाटतं का विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, माह्याशी कोनी बोलतच नाही दिवसभर, बोलावं तं कोनासंग बोलावं. शेजारच्या काकू तिथेच ओसरीत बसून होत्या, दुसऱ्या दिवशी अर्ध्या गावाला माहीत. ताई, मी त्यांचं जेवण, गोळ्या, आंघोळीचं पाणी, कपडे सगळं वेळेवर करते, वावरातही जाते. मला फार लागलं हो. मिस्टर म्हणतात पुन्हा आले तर दारातूनच हाकलीन. शब्द तीनच आठवले म्हणून आई आता भुलली असंही म्हणतात. ते लोक दोन वर्षांनी परत येणार म्हणे. येऊ द्यायचं का? फायदा काय याचा? अन श्रावणबाळचे पैसे तर बंद नाही होणार?"

ताई, नमस्कार.

तुम्ही दोघी सासू-सुना खरंच बोलताय हे आधी सांगून टाकते. तुम्ही सगळं करता हे खरं, आणि त्यांच्याशी कोणी बोलत नाही हेही खरं, या दोन गोष्टी एकाच घरात एकाच वेळी असू शकतात अन बऱ्याच घरात असतात. म्हातारपणावर अभ्यास करणारे लोक एकटं राहणं वेगळं मोजतात आणि एकटं वाटणं वेगळं मोजतात. पर्लमन आणि पेपलो या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मधे एकटेपणाची जी व्याख्या मांडली ती आजही वापरतात, माणसाला जशी नाती पाहिजे आणि प्रत्यक्षात जशी मिळतात त्यातलं अंतर म्हणजे एकटेपणा. घरात माणसं किती आहेत हे त्यात कुठेच येत नाही. पाच जणांच्या घरात ते अंतर मोठं असू शकतं आणि एकट्या राहणाऱ्या बाईचं, जिच्याकडे रोज चार जणी दळण-पाणी करताना टेकतात, तिचं अगदी थोडं.

आता त्या प्रश्नाकडे पाहू. मी स्वतः बरीच वर्षं अशा सर्वेंसाठी खेड्यापाड्यात फिरलेली बाई आहे त्यामुळे हे प्रश्न कसे लिहिलेले असतात ते माहीत आहे. मन कसं आहे ते विचारताना बहुतेक "मागच्या आठवड्यात किती दिवस असं वाटलं" असं विचारतात, कधीच नाही, एखाद-दोन दिवस, तीन-चार दिवस, की जवळजवळ रोज. आणि तुमच्या घरी ते वेचणीच्या दिवसात आले. त्या आठवड्यात तुम्ही सकाळी डबा बांधून वावरात, मिस्टर कापूस घेऊन जिनिंगवर नाहीतर वावरात, पोरं शाळेत, मग त्या माउलीनं काय सांगावं? तिनं तुमची तक्रार केली नाही, तिला त्या आठवड्याचं विचारलं अन तिनं त्या आठवड्याचं सांगितलं. "सून जेवायला देत नाही" असं कुठे म्हणाल्या त्या? तसं म्हटलं असतं तर मी वेगळं उत्तर लिहिलं असतं.

घरच्यांना न सांगता परक्या पोरीला काऊन सांगितलं, हेच तुम्हाला जास्त टोचतंय असं मला वाटतं. पण हे जगभर असंच आहे. गेओर्ग झिमेल नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञानं १९०८ मधेच लिहून ठेवलंय की जो परका येतो आणि निघून जातो त्याच्याजवळ लोक अशा गोष्टी बोलतात ज्या जवळच्यांपासून जपून लपवतात. तुम्हाला सांगितलं तर तुम्हाला वाईट वाटेल, मुलाला सांगितलं तर तो तुमच्यावर ओरडेल, घरात कटकट होईल, हा सगळा हिशोब त्यांनी केला असणार. सर्वेवाली उद्या गावात नाही, म्हणून बोलल्या. मी फिरायची तेव्हा प्रश्न संपले तरी म्हाताऱ्या बाया हात सोडत नसत, "बस नं बाई अजून थोडकशी, च्या मांडते" म्हणत.

म्हणून एक करा, हा विषय त्यांच्यापुढे काढू नका. "तुम्ही असं काऊन सांगितलं" हे एकदा विचारलं की पुढच्या वेळी त्या सर्वेवालीलाच काय, डॉक्टरलाही काही सांगणार नाहीत, छाती दुखली तरी "बरं हाय" म्हणतील.

शेजारच्या काकूंचा राग आला ना, तो बरोबर आहे, पण थोडा राग त्या सर्वेवाल्या मुलीवरही काढा. असे प्रश्न एकट्यात विचारायचे असतात, त्यांना ट्रेनिंगमधे तेच सांगतात. आमच्याकडे ओसरीवर कोणी बसलं असेल तर उठ म्हणायची पद्धत नाही हे मलाही माहीत आहे, तरी नम्रपणे "काकू, आमचं थोडं सरकारी काम हाय, मंग या" म्हणता येतं. याचं महत्त्व मी सांगते. लासी म्हणून आपल्या देशाचा मोठा अभ्यास आहे, लाँजिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडिया, मुंबईच्या आंतरराष्ट्रीय जनसंख्या विज्ञान संस्थेनं केलेला. त्याच्या पहिल्या फेरीचं काम २०१७-१८ मधे झालं आणि रिपोर्ट जानेवारी २०२१ मधे आला. वय ४५ च्या पुढचे ७२ हजारांवर लोक, त्यात ६० च्या पुढचे ३१ हजारांवर. त्यात साधारण ५ टक्के म्हाताऱ्यांनी सांगितलं की मागच्या वर्षभरात आपल्याशी वाईट वागणूक झाली. आता तुम्हीच विचार करा, सून आत भाकरी टाकतेय, मुलगा बाजेवर बसलाय, शेजारीण कान देऊन आहे, तिथे किती जणी खरं सांगतील? खरा आकडा याच्यापेक्षा जास्तच असणार असं माझं मत. तर पुढच्या वेळी काकूंना वाटेला लावा आणि तुम्हीही उठून मागच्या अंगणात जा. त्यात तुमचं वाईट काही निघणार नाही.

येऊ द्यायचं की नाही, याचं उत्तर तुम्हाला आवडेल की नाही माहीत नाही पण ते ठरवणं तुमचं काम नाही आणि तुमच्या मिस्टरांचं तर मुळीच नाही. सासूबाई ७४ च्या आहेत, समजूतदार आहेत, संमती त्यांची लागते. अंगठा किंवा सही घेण्याआधी माहितीपत्रक वाचून दाखवायचं, वाचता येत नसेल तर तिऱ्हाईत साक्षीदार ठेवायचा, पत्रकाची एक प्रत घरी ठेवायची, हे आयसीएमआरच्या, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी परिषदेच्या, २०१७ च्या नियमांत लिहिलेलं आहे. तुमच्याकडे ती प्रत दिली असेल, शोधा, बहुतेक मीटरच्या मागे नाहीतर रेशनकार्डाच्या पिशवीत असेल, त्यावर संस्थेचं नाव आणि फोन असतो. त्यांना वाटलं तर एखादा प्रश्न सोडता येतो, मधेच थांबवता येतं, रक्त देत नाही म्हणता येतं, त्याची काही शिक्षा नाही. पण "आई म्हणते नको" आणि "मुलगा म्हणतो नको" यात फरक आहे बाप्पा. तुम्ही फक्त एवढं तपासायचं की येणाऱ्याकडे ओळखपत्र आहे का, ग्रामपंचायतीत किंवा आशाताईला कळवलंय का, आणि आधारचा ओटीपी, पासबुक, एटीएम असलं काही कोणी मागितलं तर तो सर्वे नाही, चोरी आहे, सरळ बाहेर काढा.

फायदा काय, हे तर गावात सगळेच विचारतात. सरळ सांगते, तुमच्या घरी लगेच काही येणार नाही. ना घरकुल ना पेन्शन. पण म्हाताऱ्यांचं दवाखान्यात बसून कळत नाही, घरी येऊनच कळतं, आणि हे आपल्या विदर्भाला मुंबई-पुण्याआधी माहीत झालंय. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं दोन गावातल्या ६५० बायांची तपासणी केली होती, १९८९ मधे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ९२ टक्के बायांना अंगावरून जाण्याचे, पाळीचे, गर्भाशयाचे काही ना काही आजार निघाले आणि त्याआधी कधीही तशी तपासणी झालेल्या बाया फक्त ८ टक्के होत्या. त्या बाया दवाखान्यात येऊन कधी बोलल्याच नव्हत्या. म्हातारपणाचंही तसंच आहे. लासीमधे ६० च्या पुढच्या ८ टक्क्यांच्या वर लोकांत डिप्रेशनची लक्षणं दिसली, पण डॉक्टरनं तसं निदान केलंय असं सांगणारे १ टक्कासुद्धा नाहीत, ०.८. म्हणजे दहा जणांत नऊ जण कोणाच्या हिशोबातच नाहीत. कारण आपल्याकडची म्हातारी बाई "मी उदास आहे" म्हणत नाही, ती म्हणते हातपाय गळाले, जेवण जात नाही, रातभर झोप नाही, डोकं जड हाय. डॉक्टर ताकदीच्या गोळ्या लिहून देतो आणि झालं.

परत कायले येतात तेही सांगते. वावरात एकदाच चक्कर मारून पीक कसं होतंय ते कळत नाही, तीच ओळ पेरणीपासून पुन्हा पुन्हा पाहावी लागते. नवरा गेल्यावर बाईचं काय होतं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर चालणं सुधारतं का, पेन्शन सुरू झाल्यावर जेवणात फरक पडतो का, हे एकाच माणसाकडे पुन्हा पुन्हा गेल्याशिवाय कळत नाही. सासूबाईंच्या जागी शेजारच्या काकूंना घेता येत नाही. आणि ज्या घरात जरा काही खुपतंय तीच घरं दार लावून घ्यायला लागली तर रिपोर्टमधे सगळे म्हातारे सुखात दिसतील, मग सरकार म्हणेल सगळं छान चाललंय. पण एक खरी तक्रार माझीही आहे, सर्वेवाले माहिती घेऊन जातात आणि निकाल गावात कधी परत आणून सांगत नाहीत. पुढच्या वेळी सासूबाईंनीच विचारावं, मागच्या खेपेला काय निघालं आमच्या भागाचं? विचारायचा हक्क आहे त्यांचा.

आता ते तीन शब्द. मिस्टरांना सांगा, दहा शब्द एकदा ऐकून लगेच आणि परत थोड्या वेळानं सांगायचे, ही काही आजाराची तपासणी नाही. हजारो लोकांची सरासरी काढण्यासाठी ते असतं, एका माणसाला "भुलली" ठरवायला नाही. शाळेत न गेलेल्या माणसाला असे सुटे सुटे शब्द धरून ठेवायची सवय नसते, त्यात परकी पोरगी, तिची पुस्तकी मराठी, आतून भाकरीचा आवाज, आणि ऐकू कमी येत असेल तर शब्द डोक्यात गेलाच नाही तो आठवणार कसा? खरंच मला सगळ्यात जास्त शंका कानाची येतेय. टीव्हीचा आवाज मोठा ठेवतात का, मागून हाक मारली तर वळत नाहीत का, चार जण बोलत असले की गप्प होतात का? कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी घरचे हळूहळू कामापुरतंच बोलायला लागतात, ओरडून ओरडून गप्पा कोण मारणार, आणि मग त्या माणसाला वाटतं माझ्याशी कोणी बोलत नाही. २०२४ मधे लॅन्सेटच्या तज्ज्ञांच्या समितीनं डिमेन्शियाची, म्हणजे म्हातारपणी स्मरणशक्ती अन समज जाण्याच्या आजाराची, टाळता येण्यासारखी १४ कारणं दिली त्यात ऐकू कमी येणं आहे, नजर जाणं आहे आणि लोकांपासून तुटणंही आहे. म्हणून वेचणी आटोपली की जिल्हा रुग्णालयात कान आणि डोळे दाखवून आणा. हां, रोजची वाट चुकणं, चुलीवरचं विसरून जळणं, पैशाचा हिशोब अचानक बिघडणं, घरच्यांची नावं चुकणं असं काही दिसत असेल तर ते वेगळं, तेव्हा डॉक्टरला स्पष्ट सांगायचं की स्मरणशक्तीसाठी आणलंय.

बोलणं कसं वाढवायचं हे तुम्ही विचारलं नाही, तरी खरा प्रश्न तोच आहे म्हणून लिहिते. आपण म्हाताऱ्या माणसाशी बोलतो ते काय बोलतो बघा, जेवल्या का, गोळी घेतली का, चादर बदलू का. ही सगळी कामाची वाक्यं. त्यांच्याकडून आपल्याला काही पाहिजे असं त्यात काहीच नाही. त्यांना विचारा, बियाणं घरचंच असायचं तेव्हा कसं जपत होते, सरगुंड्याचं पीठ किती घट्ट मळायचं, ७२ च्या दुष्काळात त्या कुठे होत्या, काय खाल्लं. त्याच त्या गोष्टी पुन्हा सांगतात म्हणून कंटाळू नका. आधी डॉक्टर लोकांनाही वाटायचं की म्हाताऱ्यांचं जुनं उगाळणं म्हणजे बुद्धी मंद होण्याची खूण, पण रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं १९६३ मधे दाखवून दिलं की ते नॉर्मल आहे, शेवटच्या वर्षांत माणूस आयुष्याचा हिशोब लावत असतो, त्याला कोणीतरी ऐकणारं लागतं. पोरांना सांगा आजीचं मोबाईलवर रेकॉर्ड करायला, पोट्ट्यांना मोबाईल हातात धरायचं निमित्तच पाहिजे असतं.

संध्याकाळी तुमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होत असेल तर आवडत असेल तरच न्या. लोक म्हणतात म्हाताऱ्यांना कार्यक्रमात गुंतवा, मला हे सरसकट पटत नाही. लॉरा कार्स्टेन्सेन या संशोधिकेचं काम सांगतं की वय वाढतं तसं माणूस ओळखी कमी करतो आणि मोजक्या जवळच्या माणसांवर जीव लावतो, आणि त्यात त्याचं समाधान कमी होत नाही. म्हणजे सासूबाईंना वीस बाया नको असतील, दोन-तीन माणसंच हवी असतील. त्यांची एखादी जुनी मैत्रीण, बहीण, माहेरची वहिनी जवळपास आहे का? ७५ पूर्ण झाले की एसटी फुकट आहे, आत्ताही बाईमाणसाला अर्धंच तिकीट लागतं, एक दिवस पाठवा भेटायला.

आणि त्या दोन-तीन माणसांत एक कोण असणार? मुलगा. ताई, इथे मी तुमच्या बाजूनं बोलणार आहे. माणसांचा दिवसाचा वेळ कुठे जातो ते मोजणाऱ्या २०१९ च्या सरकारी टाइम यूज सर्वेत निघालं की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि ते करणाऱ्या पुरुषांचे ९७. तुमचं वावरातलं काम याच्या वर. तुम्ही भाकरी टाकता टाकता गप्पाही माराव्या असं मी म्हणणार नाही, तुमच्याकडे वेळच नाही आणि सगळं तुमच्याच डोक्यावर टाकणं अन्याय आहे. "माह्याशी कोनी बोलत नाही" यातलं 'कोनी' म्हणजे सूनच, हे तुम्ही स्वतःहून धरून बसलात. नवरा गेलेल्या आईला पोरगा जवळ बसायला पाहिजे असतो. मिस्टर सर्वेवालीला हाकलायला दारात उभे राहायला तयार आहेत, चांगली गोष्ट आहे, तेवढ्याच वेळात बाजेवर बसून आईला विचारावं यंदा कापसाचं काय करू, विकू की ठेवू. तिनं आयुष्यभर कापूस पाहिलाय, सल्ला मागा तिचा. मानायचा की नाही ते नंतर. हे पत्र त्यांना वाचून दाखवलंत तरी चालेल, राग माझ्यावर काढू द्या.

महिना-दोन महिने असं करूनही त्या गप्प, जेवण कमी, झोप नाही, "आता मरण आलं तं बरं" असं वारंवार म्हणत असतील तर वाट पाहू नका, टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, नाहीतर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीत न्या. आणि म्हाताऱ्यांच्या इतर कोणत्याही अडचणीसाठी एल्डरलाइन १४५६७.

राहिलं श्रावणबाळचं. सर्वेत सांगितलेलं तहसीलला जात नाही, त्यामुळे पेन्शन बंद होत नाही, वाढतही नाही. नावं काढून टाकलेली माहिती अभ्यासाला वापरतात. पैसे थांबतात ते बहुतेक हयातीचा दाखला राहिला, आधार बँकेला जोडलं नाही किंवा खातं बंद पडलं म्हणून. तुमच्याकडे यातलं काही राहिलं असेल तर तहसीलच्या संजय गांधी शाखेत पासबुक आणि आधारची झेरॉक्स घेऊन जा, आणि जाताना सासूबाईंनाही सोबत न्या, कधी कधी समोर उभं करा म्हणतात.